अळणी श्रावण

आठाला पाच मिनिटे उरली की सुभेदार लालासाहेब सोप्यातल्या खुंटीवरची कापडी पिशवी काढीत, तिच्यातले गोळ्यांचे पाकीट हातात घेत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहत. ही गोळी बसून देणे त्यांना कधी जमले नाही. चोवीस वर्षे पलटणीत काढलेल्या माणसाच्या लेखी ती ड्यूटी होती, आणि ड्यूटी उभ्यानेच करायची असते.

बरोबर आठाच्या ठोक्याला यशराज समोर येई. चोविशीतला उंच, रुंद खांद्यांचा मुलगा. पण त्या एका क्षणी तो शाळकरी पोरासारखा उजवा तळहात पुढे करी. गोळी तळहातावर पडे, तोंडात जाई, वरून तांब्याभर पाणी.

"तोंड उघड."

"गिळली, आबा."

"उघड म्हटलं ना."

यशराज तोंड उघडी, जीभ उचलून दाखवी आणि हसत घरामागच्या परड्याकडे निघून जाई. मग लालासाहेब खिशातल्या छोट्या वहीत त्या तारखेपुढे एक उभी रेघ ओढीत. सकाळची एक, संध्याकाळची एक. चौदा महिन्यांत त्या वहीत एकही जागा रिकामी राहिलेली नव्हती. उंब्रजपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात कुणाला सुभेदारांच्या घरातली ही हजेरी ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक होऊ नये याची काळजी लालासाहेब गोळीइतकीच नेमाने घेत.

या नेमामागे एक सकाळ होती. यशराज बापामागोमाग पलटणीत भरती झाला, बेळगावला रंगरूट म्हणून गेला आणि सातव्या महिन्यात एक कागद व एक ट्रंक घेऊन परत आला. कागदावर जे इंग्रजीत लिहिले होते, ते लालासाहेबांनी कुणाला वाचून दाखवले नाही. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात यशराजची झोप उडाली. चार दिवस तो बोलतच राहिला; बोलण्याला ना काठ ना तळ. पाचव्या दिवशी उजाडताच तो महादेवाच्या देवळाच्या पायरीवर उभा राहिला आणि सगळ्या गावाला कवायतीचे हुकूम देऊ लागला. सावधान, विश्राम, दाहिने मुड. दूध घालायला निघालेल्या बायका थबकल्या, पोरे हसत रांगेत उभी राहिली. अर्धा तास ते चालले होते. लालासाहेब धावत तिथे पोचले आणि गर्दीच्या कडेलाच थांबले. लोक हसत होते, त्याचे त्यांना एवढे वाटले नाही. पोराच्या तोंडून जो आवाज निघत होता, तो त्यांचा स्वतःचा होता. परेड मैदानावरचा, वीस वर्षांपूर्वीचा.

त्यानंतर ते सांगलीला गेले होते. डॉ. सुमंत हे मंद आवाजात बोलणारे, थकल्या डोळ्यांचे गृहस्थ. त्यांच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या, आणि लालासाहेबांनी बायकोला, मनुबाईला, भाकरीची पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसवले होते. "तू भाईर थांब. आत समजायचं न्हाई तुला," असे ते म्हणाले होते. त्यात दुष्टावा नव्हता. दवाखाना, कचेरी, बँक ही पुरुषांची कामे आणि चूल, जनावर, देव ही बायकांची, अशी त्यांच्या घराची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि तिच्याविषयी कधी कुणी तक्रार केली नव्हती. डॉक्टर अर्धा तास बोलत होते. लालासाहेबांनी वहीत चार ओळी टिपल्या. गोळी रोज दोन वेळा. बरे वाटले तरी बंद करायची नाही. चुकली तर आजार उलटतो. तीन महिन्यांनी रक्त तपासायचे. शेवटी डॉक्टर खाण्यापिण्याविषयीही काही बोलले. लालासाहेबांनी ते ऐकले, मानही डोलावली. पण टिपले नाही. जगातला प्रत्येक डॉक्टर उठताना खाण्यापिण्याचे चार शब्द बोलतोच. आणि तो तर चुलीकडचा विषय. वहीत जागा होती. पुढे कितीतरी दिवस त्यांना तेच आठवत राहिले, की वहीत जागा होती.

गोळी लागू पडली. हे म्हणायला सोपे. पण त्या घरात ते हळूहळू, शेवाळलेल्या विहिरीचे पाणी निवळावे तसे घडले. आधी झोप आली, मग बोलण्यात विराम आले, मग एके दिवशी यशराजने आपणहून म्हशीखालचे शेण काढले. पुढे गावच्या दूध संस्थेत त्याला काम मिळाले. पहाटे दुधाचा नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत फॅट लावायचे, आकडा वाचायचा. बारीक हाताचे काम होते आणि तो ते मन लावून करी. लोक म्हणू लागले, सुभेदाराचे पोर मार्गी लागले. भावकीतल्या रंगूबाईने तर एका स्थळाचा विषय काढला, आणि मनुबाईने पहिल्यांदाच तो झटकला नाही.

लालासाहेबांना मात्र आनंदाची सवय उरली नव्हती. बरे झालेले पोर त्यांना ओंजळीतल्या पाण्यासारखे वाटे. रात्री यशराज जरा मोठ्याने हसला तरी ते अंथरुणावर उठून बसत. ओंजळ घट्ट धरायची एवढेच आपल्या हाती आहे, आणि ती ओंजळ म्हणजे ही सकाळ-संध्याकाळची गोळी, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

पंच्याण्णव सालचा श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, जेवायला वाढता वाढता मनुबाईने विषय काढला.

"आवं, ऐकलं का. उद्यापास्नं श्रावण."

"बरं मग?"

"मी म्हादेवाला बोलले हुते. पोर सुदारलं तर म्हैनाभर आमी मायलेकरं मिठाला शिवणार न्हाई. समदं अळणी."

"तू बोललीस, तू पाळ. त्येला कशाला वडतीस?"

"सुदारलाय कोन? मी का त्यो?"

"गोळीनं सुदारलाय त्यो."

"आन् गोळीला गुण कुणी दिला?"

मनुबाईने भाकरी त्यांच्या ताटात जरा जोरातच टाकली. सव्वा वर्षापूर्वी ज्या देवळाच्या पायरीवर पोर उभे होते, त्याच पायरीला डोके टेकून तिने हा नवस बोललेला होता. सांगलीच्या खोलीत तिला खुर्ची नव्हती. महादेवापुढे बसायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. पोराच्या बरे होण्यात आपलाही काही वाटा असावा, एवढेच तिला हवे होते.

"असू द्या, आबा," यशराज म्हणाला. "ट्रेनिंगला कुक आमचा असाच हुता. मीठ इसरायचा आन् म्हणायचा, जवान, घाम चाटून खा."

मनुबाई पदर तोंडाशी धरून हसली. लालासाहेबही हसले.

"पाळा बाबा काय पाळायचं ते," ते म्हणाले. "माझी गोळी चुकायची न्हाई, एवढं ध्येनात ठेवा."

"चुकू दे म्हनलं का मी? तुमी तुमची गोळी द्या, मी माझा नेम करते."

असा तह झाला. दोघांनीही तो प्राणपणाने पाळला.

पहिला आठवडा बरा गेला. अळणी पिठले, अळणी आमटी, दूध-भाकरी. सोमवारी दिवसभर निरंकार उपास, संध्याकाळी एकदा जेवण. बाहेर पाऊस झिमझिमत होता, तारळी नदीच्या काठची उसाची शेते काळीभोर झाली होती. मनुबाई पहाटे न्हाऊन ओल्या केसांनी देवळात जाऊन येई, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती असे. लालासाहेबांना ती आपल्या लग्नाच्या वर्षातली वाटे.

दुसऱ्या आठवड्यात यशराजच्या हाताला कंप सुटला. आधी तो इतका बारीक होता, की पाण्याच्या तांब्यातल्या पाण्यानेच ओळखावा. मग एका पहाटे दूध संस्थेत त्याच्या बोटांतून काचेची नळी सुटली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. सेक्रेटरीने फॅट लावायला दुसऱ्याला बसवले आणि यशराजला कॅन मोजायला सांगितले.

"उपासाची उतरण हाय," मनुबाई म्हणाली. "माझ्याबी पायात गोळं येत्यात. म्हैना सरला की हुईल नीट."

लालासाहेबांना ते पटले नाही. त्यांना निराळीच शंका आली. आजार उलटत असावा. ते रोज तोंड अधिक बारकाईने तपासू लागले. गालाच्या आत बोट घालून पाहू लागले. यशराजने आक्षेप घेतला नाही. तो हल्ली कशालाच आक्षेप घेत नव्हता. दिवसा डुलक्या घेई, उठे, तांब्या तांब्या पाणी पिई, पुन्हा भिंतीला टेके. त्याचे पोट बिघडले होते. बोलताना त्याचे शब्द ओल्या मातीतून पाय ओढत चालल्यासारखे येत.

"यशा, गोळी लपवून थुकतुयास का रं?"

"न्हाई, आबा."

"खरं सांग. मी रागवणार न्हाई."

"तुमीच तर बगताय की."

तेही खरेच होते.

अठराव्या दिवशी सकाळी गोळी घेतल्यावर पाच मिनिटांनी यशराजने ती ओकून टाकली. लालासाहेब परड्यात त्याच्या पाठीवर हात फिरवत उभे होते. पाण्यात विरघळत चाललेला पांढरा कण त्यांना दिसला. ते आत गेले, पाकिटातून दुसरी गोळी काढली आणि परत आले. हजेरी पडलेली नव्हती. यशराजने तळहात पुढे केला. तो इतका हलत होता, की लालासाहेबांना आपल्या दुसऱ्या हाताने तो खालून धरावा लागला. त्या दिवशी तसे दोनदा घडले. दुसऱ्या दिवशीही. चुकली तर आजार उलटतो, ही ओळ त्यांच्या वहीत होती, आणि सैनिकाने लेखी हुकुमाबाहेर जायचे नसते.

एकोणिसाव्या दिवशी ते त्याला उंब्रजला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. दवाखान्यात ओल्या छत्र्यांची गर्दी होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली.

"दुसरं काही औषध चालू आहे का ह्याला?"

लालासाहेबांनी तोंड उघडले, आणि त्याच वेळी त्यांची नजर औषधांच्या खिडकीकडे गेली. खिडकीत त्यांच्याच भावकीतला सयाजी बसला होता. तो कंपाउंडर होता, आणि त्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गावच्या पारावर पोचत असे. रंगूबाईने काढलेल्या स्थळाकडची माणसे श्रावण सरल्यावर यायची होती.

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "बाकी काय न्हाई."

डॉक्टरांनी ओकारी थांबायचे औषध आणि एक इंजेक्शन दिले. सयाजी पुडी बांधता बांधता म्हणाला, "सुभेदार, पोराला जरा चांगलंचुंगलं घाला खायला. पाक वाळलाय की."

"उपास चाललाय," लालासाहेब म्हणाले. ते मात्र सांगायला त्यांना लाज वाटली नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी हंबीरराव दारात आला. हंबीरराव शेजारचा, त्याची जीप उंब्रज-कराडला भाड्याने चाले. तो चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सुभेदार, वाईट वाटून घेऊ नगा. पन यशाला आवरा. संस्थेपाशी झोकांड्या खातुय. भर श्रावणात पिऊन फिरतुय म्हनत्यात लोकं."

लालासाहेब तसेच अनवाणी निघाले. यशराज दूध संस्थेच्या भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत येत होता. पाय रुंद टाकत होता, जणू खालची जमीन होडीसारखी हलत असावी. दोन पोरे त्याच्या मागे तशीच चालून दाखवत होती. लालासाहेबांनी त्याचा खांदा धरला, त्याला आडोशाला नेले आणि कुणी पाहत नाही असे बघून त्याच्या तोंडाचा वास घेतला. दुधाचा वास आला. आणखी कसलाच नाही. त्या क्षणी दारूचा वास आला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. दारू त्यांना समजत होती.

"यशा, काय हुतंय रं तुला?"

यशराजने त्यांच्याकडे पाहिले. ओठ हलले; पण शब्द लागला नाही. मग त्याने अगदी सावकाश उजवा तळहात पुढे केला. आठ वाजले असावेत, असे त्याला वाटले असणार.

हंबीररावाच्या जीपमधून त्यांनी त्याला सांगलीला नेले. कराड गेले, इस्लामपूर गेले; आष्ट्याच्या पुढे यशराजने हाक दिली तरी डोळे उघडेनात. मनुबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन महादेवाचे नाव घेत होती. लालासाहेबांच्या खिशात वही होती, आणि ती आपल्या बरगडीला टोचते आहे असे त्यांना सारखे वाटत होते.

सांगलीच्या इस्पितळात डॉ. सुमंत जवळजवळ धावतच आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी टाकली, गुडघ्यांवर टकटक केले, रक्त काढायला सांगितले. मग ते व्हरांड्यात आले. या वेळी मनुबाई तिथेच उभी होती. तिला बाहेर थांब म्हणायची लालासाहेबांच्यात शक्ती नव्हती.

"गोळ्या किती दिल्यात?"

"एकबी चुकवली न्हाई, साहेब." लालासाहेबांनी वही पुढे केली. "वकल्यावर परत दिली. बगा."

डॉक्टरांनी त्या रेघांच्या ओळींकडे पाहिले आणि वही न घेता विचारले, "आणि जेवण? जेवणात काही बदल केला होता का?"

ते लालासाहेबांना विचारत होते. पण उत्तर मनुबाईने दिले. पोराविषयी सांगलीच्या डॉक्टरने विचारलेला आणि तिला उत्तर येत असलेला तो पहिलाच प्रश्न होता.

"जेवणाचं लय सांबाळलंय, डाक्टर. एकईस दिस झालं, मिठाचा कण त्याच्या पोटात गेला न्हाई. माझा नवस हाय."

डॉक्टरांनी दोघांना बाकावर बसवले आणि स्वतः त्यांच्यासमोर उभे राहिले.

"ही गोळीसुद्धा एक प्रकारचं मीठच आहे, सुभेदार. शरीरात मीठ असलं की मूत्रपिंडं ही गोळी लघवीवाटे बाहेर सोडत राहतात. मीठ तोडलं, की ती घाबरतात. जे मिळेल ते धरून ठेवतात. ही गोळीही धरून ठेवतात. मग रोजचीच गोळी साठत जाते आणि तिचं विष होतं. हात थरथरणं, ओकारी, झोक जाणं, सगळं त्याचंच. तेव्हाच थांबवायला हवी होती." ते थांबले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. मीठ आणि पाणी नेहमीसारखं ठेवा, उपासतापास मला विचारल्याशिवाय नको."

लालासाहेबांना ते आठवले. एखाद्या बंद खोलीत दिवा लागावा तसे स्पष्ट आठवले. डॉक्टरांचे वर केलेले बोट, टेबलावरची काच, काचेखालचे कॅलेंडर. आणि डोलावलेली स्वतःची मान.

"आम्हीही लिहून द्यायला हवं होतं," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "रोज पन्नास जणांना तोंडी सांगतो." आणि ते आत गेले.

मनुबाई नवऱ्याकडे पाहत होती. लालासाहेबांना वाटले, ती आता बोलेल, ओरडेल, छाती बडवून घेईल. त्यांनी मनातल्या मनात त्याची तयारीही केली. ती फक्त म्हणाली,

"मी भाईर बसले हुते न्हवं तवा."

त्यात आरोप नव्हता. तिला ते खरेच पडताळून पाहायचे होते, की आपण ऐकून विसरलो का. लालासाहेबांनी मान हलवली. ती त्या दिवशी बाहेरच होती. भाकरीची पिशवी मांडीवर घेऊन, त्यांनी दाखवलेल्या जागेवर.

यशराजच्या हातात सुई लावली, वर बाटली टांगली. मनुबाई त्या थेंबांकडे एकटक पाहत बसली. संध्याकाळी तिने नर्सला विचारले, "बाई, ह्या बाटलीत काय असतंय?"

"सलाईन. मिठाचं पाणी, आजी."

मनुबाईने पुन्हा वर पाहिले. थेंब पडत होता, मग दुसरा. तिने श्रावणाचे उरलेले दिवस मोजले की सोडून दिले, कोण जाणे. पण त्यानंतर ती महादेवाचे नाव घेताना कुणाला ऐकू आली नाही.

तीन दिवस यशराज गुंगीतच होता. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले, सहाव्या दिवशी आईला ओळखले. बाराव्या दिवशी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो व्हरांड्यापर्यंत चालला. पण पाऊल पडायचे तिथे पडत नव्हते. जीभ जड होती. पेला ओठांपर्यंत नेताना अर्धा सांडत होता.

"ह्ये जाईल न्हवं?" लालासाहेबांनी विचारले.

"काहींचं जातं," डॉ. सुमंत म्हणाले. "काहींचं राहतं. सहा महिने वाट पाहू."

"आन् गोळी?"

"ती आता नाही. तिसऱ्या आठवड्यात या, रक्त पाहून दुसरं काही तरी सुरू करू. तोपर्यंत काहीच द्यायचं नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. आणि झोप कमी झाली, बोलणं वाढलं, तर थांबू नका, लगेच घेऊन या." या वेळी डॉक्टरांनी ते कागदावर लिहूनही दिले, मोठ्या अक्षरांत, आणि तो कागद मनुबाईच्या हातात ठेवला. तिला वाचता येत नव्हते. तिने तो घडी करून चोळीत ठेवला.

ते घरी आले. मनुबाईच्या हातचा स्वयंपाक आता खारट होऊ लागला. आमटी खारट, भाजी खारट, ताकात तर मीठ तळाशी उरलेले दिसे. लालासाहेब ते ताक शेवटच्या घोटापर्यंत पीत आणि रिकामे भांडे पालथे घालीत. स्थळाकडची माणसे आली नाहीत. गावात कुणाला काय कळले होते याची चौकशीही कुणी केली नाही. दूध संस्थेतून यशराजच्या नावाचा निरोप आला, की बरे वाटेपर्यंत विश्रांती घ्यावी.

नवव्या दिवशी सकाळी लालासाहेब जुन्या सवयीने सोप्यात येऊन उभे राहिले. खुंटीवरची पिशवी तशीच होती, रिकामी. आठ वाजत आले होते. यशराज रात्री दोन-तीनदा उठला होता, हे त्यांनी ऐकले होते. लघवीला उठला असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते. पहाटे परड्यात तो म्हशीशी काही बोलत होता. तेही ऐकले होते. महिन्याभरात पहिल्यांदा पोर म्हशीशी बोलले, म्हणून मनुबाई खूश झाली होती.

बरोबर आठाला यशराज दारातून आला. एका हाताने भिंत धरत, रुंद पाय टाकत. बापासमोर उभा राहिला आणि त्याने उजवा तळहात पुढे केला. तो हलत होता; पण पूर्ण उघडा होता.

"न्हाई रं," लालासाहेब म्हणाले. "आता गोळी न्हाई. डाक्टरनं बंद केलीया."

"पाक बंद?"

"सद्या बंद."

यशराज हसला. ते हसणे जरा लांबले. ओसरले असे वाटता वाटता पुन्हा वर आले. त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी लखलखत होते. बरे झालेल्या माणसाचे डोळे असे असतात की येऊ घातलेल्या आजाराचे, हे लालासाहेबांना ओळखता येईना. चौदा महिने त्यांनी जीभ तपासली होती, गाल तपासले होते; डोळे वाचायला ते कधी शिकलेच नव्हते.

तळहात अजून पुढेच होता. लालासाहेबांनी खिशात हात घातला. वही होती, पेन्सिल होती. द्यायला काहीच नव्हते.

"आबा," यशराज म्हणाला, आणि खांदे मागे घेत, जड जिभेने, एकेक अक्षर ओढत, पण त्याच आवाजात म्हणाला, "साऽव... धान."

तो थट्टा करत होता का? आतून मनुबाईच्या हसण्याचा आवाज आला. तिला ती थट्टाच वाटली. लालासाहेबांच्या टाचा मात्र आपोआप एकमेकींना भिडल्या, हात मांड्यांशी गेले, मान ताठ झाली. चुलीवर आमटीला उकळी फुटली होती आणि मनुबाई तिच्यात आणखी मीठ टाकत होती. ते पोराच्या डोळ्यांकडे पाहत तसेच उभे राहिले, तो पुढे काय म्हणतो ते ऐकायला.